‘अ‍ॅव्हरेज’ वाढले, पेट्रोल कोठे गेले?

मोटार विकत घेऊ इच्छिणारा मनुष्य धाराशिवचा असो की उमरग्याचा, त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : गाडी ‘अ‍ॅव्हरेज’ किती देते? वास्तविक ‘अ‍ॅव्हरेज’ म्हणजे सरासरी. परंतु आपल्या बोलीत या शब्दाला एकच अर्थ उरला आहे, आणि तो म्हणजे एका लिटरमध्ये गाडी किती किलोमीटर धावते. प्रश्न क्षुल्लक मुळीच नाही. या जिल्ह्याचा समावेश केंद्र सरकारने २०१८ मध्ये ‘आकांक्षित’, म्हणजे सरळ मराठीत मागास, जिल्ह्यांच्या यादीत केला. येथे कळंबचा शिक्षक येरमाळ्याच्या शाळेवर आणि तुळजापूरचा कारकून धाराशिवच्या कचेरीत रोज ये-जा करतो, एस.टी.ची वेळ आणि कामाची वेळ यांचे सूत जमतेच असे नाही. अशा ठिकाणी एखादी लहान, बहुधा दुसऱ्याने वापरलेली मोटार ही आता चैन राहिलेली नाही. २०२१ मध्ये पेट्रोलने लिटरला शंभरी ओलांडल्यापासून तर हा प्रश्न महिन्याच्या अंदाजपत्रकाचाच झाला आहे.

गेल्या चाळीस वर्षांत मोटारीचे इंजिन आणि गिअरबॉक्स यांत जी सुधारणा झाली ती थक्क करणारी आहे. तरीही देशाचा पेट्रोलचा खप २०१४-१५ मध्ये सुमारे १ कोटी ९० लाख टन होता, तो २०२४-२५ मध्ये ४ कोटी टनांवर गेला. वाहनांची संख्या वाढली हे त्याचे पहिले कारण आहे, आणि त्यात दुचाकींचा वाटा मोठा आहे, हे मान्यच केले पाहिजे. परंतु मोटारींपुरते बोलायचे तर दुसरेही एक कारण आहे. इंजिनाने जे वाचवले त्यातील बराचसा भाग गाडीच्या वजनाने आणि आकाराने खाऊन टाकला, आणि आपले कर व आपले नियम या खाण्याला आवर घालण्याऐवजी त्याला वाट करून देत आले.

प्रथम इंजिनाची गोष्ट. आपल्या शेजारच्या सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमिअर ऑटोमोबाईल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणारी फियाट, पुढची पद्मिनी, ही एका पिढीची मोटार. तिचे इंजिन १,०८९ सी.सी.चे, त्यास कार्ब्युरेटर, आणि गिअर चार. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली. तिचे इंजिन ७९६ सी.सी.चे आणि तीन सिलिंडरांचे. पण कार्ब्युरेटर तिलाही होता आणि गिअर तिलाही चारच. असे असूनही ती पद्मिनीपेक्षा किती तरी अधिक पल्ला देत असे. इंजिन नव्या घडणीचे होते हे खरे. परंतु मोठे कारण असे की पद्मिनी नऊशे किलोंच्या आसपास भरत असे आणि मारुती साडेसहाशेच्या आसपास. भारतीय रस्त्यावरची इंधनबचतीची ही सर्वांत मोठी झेप बरीचशी हलकेपणामुळे साधली गेली. पुढील विवेचनात हा मुद्दा वाचकांनी ध्यानात ठेवावा.

पेट्रोलच्या इंजिनात शंभर रुपयांचे इंधन जळते तेव्हा जुन्या यंत्रात त्यातील जेमतेम वीस-पंचवीस रुपयांचे काम चाकांच्या वाट्याला येई. बाकीचे रेडिएटर आणि सायलेन्सर यांच्या वाटेने उष्णता होऊन निघून जाई. ही गळती थांबवण्याचे मार्ग तीन-चारच आहेत. पहिला मार्ग म्हणजे हवा व पेट्रोल यांचे मिश्रण पेटवण्यापूर्वी अधिक दाबणे. जितके अधिक दाबाल तितके त्याच थेंबातून अधिक काम निघते. पण फार दाबले तर मिश्रण आपोआप भडकते आणि इंजिन ठोके देऊ लागते. दुसरा मार्ग पेट्रोल मोजून देण्याचा. कार्ब्युरेटर जाऊन संगणकाच्या हुकमाने चालणारे इंजेक्टर आले. मारुती ८०० ला ते २००० च्या सुमारास लाभले. इंजेक्टरांनी पेट्रोलची उधळपट्टी थांबवली. ठोके ओळखणारे संवेदक जोडीला आल्यामुळे दाबही वाढवता आला. आज सामान्य माणसाच्या गाडीतही मिश्रण बारापट दाबले जाते.

तिसरा मार्ग थोडा सूक्ष्म आहे. सपाट रस्त्यावर साठच्या वेगाने जाताना मोटारीला आपल्या ताकदीचा अल्पसा भागच लागतो. त्या वेळी हवेच्या वाटेवरील झडप जवळजवळ मिटलेली असते आणि पिस्टन त्या मिटलेल्या दारातून हवा ओढण्यात पेट्रोल खर्च करत असतो. नाक दाबून धावणाऱ्या माणसासारखी ही अवस्था आहे. म्हणून मोठे इंजिन अर्धवट चालवण्यापेक्षा लहान इंजिन जोराने चालवणे परवडते. एक लिटरचे तीन सिलिंडरी इंजिन घेऊन त्याला टर्बोने हवा पुरवणे, व्हॉल्व्ह उघडण्याची वेळ गरजेप्रमाणे बदलणे, किंवा चाकणला तयार होणाऱ्या काही गाड्यांत आहे त्याप्रमाणे हलक्या भाराच्या वेळी चारपैकी दोन सिलिंडर बंदच ठेवणे, हे सारे त्याच एका दुखण्यावरचे उपाय होत. हायब्रिड गाडी त्यापुढे जाते. तिच्या इंजिनात दाबण्याचा टप्पा आखूड आणि प्रसरणाचा लांब असतो. त्यामुळे ताकद कमी पडते, पण उष्णतेचा उपयोग अधिक होतो. कमी पडलेली ताकद विजेची मोटर भरून काढते आणि ब्रेक लावताना वाया जाणारी शक्ती बॅटरीत परत येते. २०२२ मध्ये टोयोटा व सुझुकी यांनी आणलेल्या दीड लिटरच्या अशा गाडीचा प्रमाणित आकडा लिटरला २७.९७ किलोमीटर आहे.

गिअरबॉक्सकडे आपल्याकडे फारसे कोणी पाहत नाही, आणि तेथेच सामान्य ग्राहकाचा खरा लाभ झाला आहे. इंजिन एका विशिष्ट वेगाच्या व भाराच्या टापूतच काटकसरीने चालते. त्याला त्या टापूत ठेवणे हे गिअरचे काम. चाराचे पाच आणि पाचाचे सहा गिअर झाले ते यासाठीच. जुन्या पद्धतीच्या स्वयंचलित गिअरबॉक्समध्ये इंजिनाची शक्ती तेलातून पलीकडे जात असे आणि वाटेत काही भाग निसटत असे. म्हणून ‘ऑटोमॅटिक गाडी पेट्रोल पिते’ ही समजूत रूढ झाली, आणि ती त्या काळी खोटी नव्हती. फेब्रुवारी २०१४ मध्ये सेलेरिओबरोबर आलेल्या एएमटी पद्धतीने ही समजूत मोडली. एएमटीत नेहमीचाच गिअरबॉक्स आणि नेहमीचाच क्लच असतो; फक्त क्लच दाबण्याचे आणि गिअर बदलण्याचे काम हातापायाऐवजी संगणकाच्या आज्ञेने चालणारी यंत्रणा करते. तिचा खर्च माफक असतो. गिअर बदलताना बसणारा हिसका आणि तुळजापूरच्या घाटात थांबून पुन्हा निघताना गाडी मागे सरकण्याची धास्ती या तिच्या उणिवा आहेतच. तथापि संगणक वेळच्या वेळी वरचा गिअर टाकतो. तो आळस करत नाही आणि ईर्ष्येलाही पेटत नाही. २०२४ च्या स्विफ्टचा हाती गिअरचा प्रमाणित आकडा २४.८० आहे आणि एएमटीचा २५.७५. यंत्राने ड्रायव्हरला मागे टाकल्याचा हा पुरावा कागदावरचा असला तरी दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

‘कागदावरचा’ हा शब्द मी जाणूनबुजून वापरला. पुण्यात १९६६ पासून असलेल्या एआरएआय या संस्थेच्या नावाने जाहिरातीत जो आकडा झळकतो, तो प्रयोगशाळेतील रुळांवर ठराविक पद्धतीने गाडी चालवून काढलेला असतो. त्या चालवण्यात सर्वाधिक वेग ताशी ९० किलोमीटर आणि वेग वाढवण्याची तऱ्हा फारच सौम्य. वर्षानुवर्षे ही चाचणी ए.सी. बंद ठेवून घेतली गेली. मे महिन्यात सोलापूरहून धाराशिवकडे घाट चढणारी, पाच माणसे आणि देवीच्या प्रसादाच्या पिशव्या घेतलेली गाडी त्या आकड्याला कशी पोहोचणार? लहान टर्बो इंजिनांच्या बाबतीत ही तफावत विशेष जाणवते, कारण जोर लावला की टर्बो जागा होतो आणि बचत झोपी जाते. संस्थेला दोष देण्याचे कारण नाही. सर्व गाड्यांना एकाच मापाने मोजणे एवढेच त्या आकड्याचे काम. तो प्रत्यक्षात मिळेल असे जाहिरात सुचवते, चाचणी नव्हे.

मापाचीच गोष्ट निघाली आहे तर आणखी एक भ्रम दूर केला पाहिजे. वर्षाला १२,००० किलोमीटर धावणारी एक गाडी लिटरला १० किलोमीटर देते आणि दुसरी १५. दुसरी घेतल्यास बचत ४०० लिटरची. आता २० देणारी सोडून २५ देणारी घेतली तर बचत किती? फरक दोन्हीकडे पाचाचाच. पण येथे बचत होते फक्त १२० लिटरची. वर्गात हे उदाहरण फळ्यावर सोडवल्याशिवाय विद्यार्थ्यांना पटत नाही. ‘लिटरला किती किलोमीटर’ या मापाने चांगल्या गाडीला आणखी चांगली करण्याचे कौतुक वाढते आणि वाईट गाडीला जरा बरी करण्याचे महत्त्व झाकले जाते. युरोपात ‘शंभर किलोमीटरला किती लिटर’ असे उलटे माप वापरतात. ते अधिक प्रामाणिक आहे. आपल्या सरकारी नियमांची सूत्रेही त्याच मापात लिहिलेली आहेत. ग्राहकाला मात्र ते माप कोणी सांगत नाही.

त्या नियमांकडे आता वळू. ऊर्जा संवर्धन कायद्याखाली २०१५ मध्ये अधिसूचना निघाली आणि २०१७-१८ पासून प्रत्येक कंपनीने विकलेल्या मोटारींच्या सरासरी इंधनखर्चावर मर्यादा आली. पहिल्या टप्प्यात सरासरी १,०३७ किलोच्या गाडीला शंभर किलोमीटरला सुमारे ५.४९ लिटर, आणि २०२२-२३ पासूनच्या दुसऱ्या टप्प्यात १,०८२ किलोच्या गाडीला सुमारे ४.७७ लिटर. आकडे कडक झाले हे स्पष्टच आहे. परंतु या दोन ओळींतच गाड्यांचे सरासरी वजन पंचेचाळीस किलोंनी वाढलेले सरकारने गृहीत धरले होते, हेही दिसते. शिवाय मर्यादा वजनाप्रमाणे बदलते. दुसऱ्या टप्प्याच्या सूत्राने हिशेब केला तर ज्या कंपनीच्या गाड्यांचे सरासरी वजन ८०० किलो आहे तिला लिटरला सुमारे २४ किलोमीटर गाठावे लागतात. ज्या कंपनीचे सरासरी वजन १,५०० किलो आहे तिला १८ पेक्षा किंचित कमी पुरतात. म्हणजे गाडी हलकी करून पेट्रोल वाचवणाऱ्याला नियम लगेच अधिक कडक होतो, आणि जड करणाऱ्याला सवलत मिळते. मारुती ८०० ने १९८३ मध्ये जी वाट दाखवली, त्या वाटेने जाण्याचे बक्षीस या सूत्रात नाही.

करांची तऱ्हा याहून विचित्र आहे. २००६ च्या अंदाजपत्रकात चार मीटरच्या आतील आणि १,२०० सी.सी. पेट्रोल अथवा १,५०० सी.सी. डिझेल इंजिनाच्या मोटारींना अबकारी करात मोठी सवलत मिळाली. हेतू चांगला होता : लहान गाडीला उत्तेजन. व्यवहारात काय झाले? २००८ मध्ये डिकी छाटून चार मीटरच्या आत बसवलेली इंडिगो आली आणि मग चार मीटरच्या आत मावणाऱ्या उंच, रुंद, जड गाड्यांची रांग लागली. सरकारने लांबी मोजली, कारखानदाराने लांबी आखडली. पेट्रोल कोणीच मोजले नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये वस्तू व सेवा कराची फेररचना झाली तेव्हाही गज तोच राहिला. चार मीटर व १,२०० सी.सी.च्या आत असेल तर पेट्रोल गाडीला १८ टक्के कर, बाहेर असेल तर ४० टक्के. परिणामी लिटरला २७.९७ किलोमीटरचा प्रमाणित आकडा असलेली हायब्रिड गाडी, केवळ सव्वाचार मीटरहून लांब आणि दीड लिटरची म्हणून ४० टक्क्यांत जाते. आणि तिच्यापेक्षा पुष्कळ अधिक पेट्रोल जाळणारी आखूड टर्बो गाडी १८ टक्क्यांत बसते. हायब्रिड घेणारा श्रीमंत असतो, त्याची कणव कशाला, असे कोणी म्हणेल. कणव करण्याचा प्रश्नच नाही. ज्या वस्तूची बचत हवी तिच्यावर कर बसवावा, एवढे अर्थशास्त्राचे प्राथमिक सूत्र येथे मोडले गेले आहे.

२०२४-२५ मध्ये देशात विकल्या गेलेल्या सुमारे ४३ लाख प्रवासी गाड्यांपैकी जवळजवळ दोन तृतीयांश एसयूव्ही व तत्सम उंच गाड्या होत्या, ही गोष्ट या पार्श्वभूमीवर पाहिली पाहिजे. इंग्लंडात जेव्हन्सने १८६५ मध्ये दाखवून दिले होते की वाफेचे इंजिन काटकसरी झाले म्हणून कोळशाचा खप घटला नाही, उलट वाढला. आपल्याकडे काटकसरी इंजिनाने मोठी गाडी परवडू लागली. दहा वर्षांपूर्वी जेवढ्या पेट्रोलमध्ये लहान गाडी चालत असे, तेवढ्यातच आज त्याहून मोठी गाडी चालते, आणि घेणारा समाधानी असतो. वजन सुरक्षिततेसाठी वाढले, हा युक्तिवाद अंशतः खरा आहे. २०१७ पासून धडकेच्या चाचण्या आल्या आणि पत्रा बळकट झाला, हे चांगलेच झाले. परंतु नोव्हेंबर २०२४ मधील डिझायर हजार किलोंच्या आत राहून ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत पाच तारे मिळवते आणि प्रमाणित आकडाही २५ च्या जवळ राखते. तेव्हा जड तीच सुरक्षित, हे पटण्यासारखे नाही.

एप्रिल २०२७ पासूनच्या तिसऱ्या टप्प्याचा जो मसुदा सप्टेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात ९०९ किलोंच्या आतील, १,२०० सी.सी.पर्यंतच्या लहान गाड्यांना थोडी खास सवलत सुचवली होती. त्यावरून लहान गाड्या बनवणारे आणि मोठ्या गाड्या बनवणारे यांच्यात जाहीर वाद झाला. दोन्ही बाजूंनी आपापला माल राखला; त्यात नवल नाही. माझ्या मते सवलतीचे ठिगळ लावण्यापेक्षा वजनाप्रमाणे मर्यादा सैल करणारा उतारच कमी करणे अधिक सरळ ठरेल.

आता आपल्या जिल्ह्याचा या प्रकरणाशी दुहेरी संबंध येतो तो इथेनॉलमुळे. पर्जन्यछायेतील हा जिल्हा; तरी ढोकी, रांजणी, चोराखळी, मुरूम ही गावे साखर कारखान्यांमुळे ओळखली जातात आणि आसवनीचा धूर येथे नवा नाही. (पाणी कोठले, हा स्वतंत्र लेखाचा विषय.) २०२३ पासून टप्प्याटप्प्याने आलेले २० टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोल आता सर्वत्र मिळते. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश उष्णता असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच म्हटले होते की जुन्या घडणीच्या मोटारींचे ‘अ‍ॅव्हरेज’ या मिश्रणाने सहा-सात टक्क्यांनी घटेल, आणि नव्या, जुळवून घेतलेल्या गाड्यांचे एक-दोन टक्क्यांनी. हा हिशेब आपल्या शिक्षकाच्या जुन्या गाडीला लावू. लिटरला १६ किलोमीटर, वर्षाला १२,००० किलोमीटर, म्हणजे ७५० लिटर. सहा टक्के घट धरली तर जवळजवळ ४८ लिटर अधिक. शंभर रुपये भावाने वर्षाला पावणेपाच हजारांहून जास्त.

खेदाची गोष्ट अशी की इथेनॉलमध्ये एक गुणही आहे आणि तो जुन्या इंजिनात वाया जातो. हे मिश्रण सहजासहजी आपोआप भडकत नाही. म्हणजे ते अधिक दाबता येते, आणि अधिक दाबणे हाच काटकसरीचा पहिला मार्ग असल्याचे आपण वर पाहिले. पण दाबाचे प्रमाण कारखान्यात ठरते, पंपावर नव्हे. नवी गाडी घेणाऱ्याला हा गुण लाभू शकतो. जुनी वापरणाऱ्याच्या वाट्याला फक्त तोटा येतो. अशा मिश्रणाची किंमत उष्णतेच्या घटीइतकी कमी असावी, असेही त्याच अहवालात सुचवले होते. इथेनॉलचा खरेदीदर वाढल्याने ते आता पेट्रोलपेक्षा स्वस्त राहिले नाही, असे सरकारने २०२५ मध्ये सांगितले. ते खरे असेल. तरी परकीय चलनाची बचत देशाची आणि तिचा भार जुन्या गाडीच्या मालकाचा, ही विभागणी न्याय्य आहे काय? आणि हाच मालक पुष्कळदा ऊसकरी शेतकऱ्याचा मुलगा असतो, हे या जिल्ह्यात कोणाला सांगायला नको.

करावयाचे उपाय अवघड नाहीत. करासाठी लांबी व सी.सी. यांऐवजी शंभर किलोमीटरला लागणारे लिटर हा पाया घ्यावा; आकडे सरकारजवळ आहेतच, कारण प्रत्येक नमुन्याची चाचणी होते. जुन्या गाड्यांसाठी पंपावर कमी मिश्रणाचे पेट्रोल ठेवावे किंवा किमतीत फरक द्यावा. हायब्रिड व विजेच्या गाड्यांसाठी छत्रपती संभाजीनगरात कारखाना काढण्याचा करार टोयोटा किर्लोस्करने राज्य सरकारशी जुलै २०२४ मध्ये केला. तो उभा राहील तेव्हा आमच्या तंत्रनिकेतनांतील व आयटीआयमधील मुलांना इंजेक्टर, संवेदक आणि एएमटी यांची दुरुस्ती येत असली पाहिजे. नवे इंजिन जितके काटकसरी तितके त्याचे आजारपण महाग, आणि धाराशिवच्या फिटरला ते उमगले नाही तर वाचलेले पेट्रोल पुण्याच्या वर्कशॉपच्या बिलात जाते.

सर्वांत स्वस्त उपाय मात्र एका कागदाचा आहे. वीस-पंचवीस हजारांच्या फ्रिजवर ऊर्जा दक्षता ब्यूरोची चिठ्ठी चिकटवलेली असते आणि वर्षाला किती युनिट वीज लागेल ते तीवर छापलेले असते. मोटारींच्या मर्यादा ठरवणारे कामही याच ब्यूरोकडे आहे. सहा-सात लाखांची मोटार दुकानात उभी असते तेव्हा तिच्या काचेवर ‘वर्षाला १२,००० किलोमीटरसाठी इतके लिटर’ एवढी एक ओळ ठळक अक्षरांत छापणे कंपन्यांवर बंधनकारक करावे. एका गाडीवर ५०० आणि शेजारच्या गाडीवर ८०० असा आकडा दिसला, तर कळंबचा शिक्षक तीनशे लिटरांची किंमत तोंडीच काढील.